थांबणारा हात

आयुष्याच्या मध्यावर स्वीकारल्या जाणाऱ्या व्यवसायांमध्ये त्वचोपचाराच्या व्यवसायाचे स्थान काहीसे वेगळे आहे, कारण त्यात कामाचे माध्यम म्हणजे समोर डोळे मिटून पडलेल्या माणसाचा जिवंत चेहरा असतो. शिंप्याने चुकीची टीप घातली तर ती उसवता येते. चेहऱ्यावर गरजेपेक्षा अधिक वेळ राहिलेले आम्ल किंवा प्रमाणाबाहेर तापलेले वॅक्स मात्र खूण ठेवून जाते आणि ती खूण घेऊन त्या माणसाला चारचौघांत वावरावे लागते. त्यामुळे या व्यवसायात नव्याने येणाऱ्या व्यक्तीच्या शिक्षणाचे दोन भाग पडतात. वाफ, मालिश, लेप, थ्रेडिंग, वॅक्सिंग यांची तंत्रे हा पहिला भाग असून तो काही महिन्यांच्या सरावाने हातात बसतो. कोणत्या त्वचेला, कोणत्या दिवशी, कोणती गोष्ट करायची नाही याचा निवाडा हा दुसरा भाग असून त्याची परीक्षा कोणताही वर्ग घेत नाही, तरीही व्यवसायाची प्रतिष्ठा प्रामुख्याने त्याच्यावरच उभी असते.

येथे प्रथम संज्ञांचा उलगडा करणे आवश्यक आहे. महाराष्ट्रातील शहरांत आणि तालुक्याच्या गावांत ‘ब्यूटिशियन’ ही संज्ञा सैलपणे वापरली जाते आणि भुवया कोरण्यापासून नववधूच्या सजावटीपर्यंत, केस कापण्यापासून मेंदीपर्यंत सगळी कामे तिच्या पोटात येतात. ‘एस्थेटिशियन’ म्हणजे त्वचेची निगा एवढेच क्षेत्र निवडून त्यात खोलवर उतरणारी व्यक्ती. ती वैद्य नसते, म्हणजे रोगाचे निदान करणे व औषध देणे तिच्या अखत्यारीत येत नाही. पण त्वचेच्या रचनेचे आणि प्रसाधनांतील घटकद्रव्यांचे तिचे ज्ञान सर्वसाधारण पार्लरपेक्षा अधिक असावे, अशी अपेक्षा असते. या क्षेत्राकडे जाण्याच्या वाटा अनेक आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये दहावी उत्तीर्ण उमेदवारांसाठी सौंदर्यशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो, गल्लोगल्ली तीन ते सहा महिन्यांचे खाजगी वर्ग चालतात, आणि ज्यांना परवडते ते १९४६ साली स्थापन झालेल्या ‘सिडेस्को’ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पदविकेपर्यंत मजल मारतात. मुले मोठी झाल्यावर, नोकरी सुटल्यावर किंवा घरातील मिळकतीचा आधार गेल्यावर या वाटेवर येणाऱ्या स्त्रियांची आरंभीची गुंतवणूक बेताची असते: बाहेरच्या खोलीत पडदा लावून केलेला आडोसा, एक फेशियल बेड, एक ट्रॉली, वाफेचे यंत्र आणि भिंग बसवलेला दिवा. मोजकेच कामगार असलेल्या आस्थापनेला राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार नोंदणीऐवजी व्यवसाय सुरू केल्याची केवळ सूचना द्यावी लागते, आणि मुद्रा योजनेच्या ‘शिशू’ गटात ५० हजार रुपयांपर्यंतचे कर्ज मिळू शकते. दार उघडणे इतके सोपे असल्यामुळेच आत आल्यावरची जबाबदारी ज्याची त्याला ठरवावी लागते.

परक्या देहाला स्पर्श करून उपजीविका करण्याचा मराठी समाजातील इतिहास मात्र इतका सोपा नाही. गावगाड्यात न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक होता. मुंज, लग्न, सुतक यांतील विधी त्याच्या हाताशिवाय पूर्ण होत नसत, आणि तरीही दुसऱ्याचे केस व नखे हाताळणे हीच गोष्ट त्याचे सामाजिक स्थान खाली ठेवण्यास पुरेशी मानली जात असे. समाजाला हवा असलेला पण समाजाने कमी लेखलेला असा हा स्पर्श होता. त्याच इतिहासात एक प्रसंग असा आहे, की ज्याकडे आजच्या सौंदर्यव्यवसायाने पूर्वपीठिका म्हणून पाहायला हरकत नाही. सत्यशोधक चळवळीचे कार्यकर्ते आणि कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० च्या सुमारास मुंबईतील न्हाव्यांनी विधवांचे केशवपन, म्हणजे त्यांचे मुंडण, करण्यास संघटितपणे नकार दिला. वस्तरा चालवण्याचे कौशल्य त्यांच्याकडे होते, त्या कामाचे पैसे मिळत होते आणि मागणी करणाऱ्यांच्या पाठीशी रूढीचे बळ होते. असे असूनही समोर बसलेल्या व्यक्तीचे अहित करणारे काम आपल्या हातून होणार नाही, अशी भूमिका एका कारागीरवर्गाने घेतली. देहसेवेच्या व्यवसायाला स्वतःची नीती असू शकते, याचे इतके स्पष्ट उदाहरण सहसा सापडत नाही.

स्त्रियांच्या त्वचेची निगा दीर्घकाळ घराच्या आतच राहिली. नागरमोथा, वाळा, चंदन, आंबेहळद यांचे दिवाळीतील उटणे, न्हाऊमाखू घालताना बाळाच्या अंगाला लावलेले डाळीचे पीठ, लग्नाच्या आदल्या दिवशीची हळद ही सगळी नात्यातल्या हातांची कामे होती आणि त्यांना मोल नव्हते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पार्लर आले, तेव्हा हेच काम घराबाहेर पडून दरपत्रकावर चढले. त्याला इंग्रजी नाव, पांढरा ॲप्रन आणि भिंतीवर टांगलेले प्रमाणपत्र मिळाल्यामुळे एरवी ज्या घरांतून अशा कामाला विरोध झाला असता, त्या घरांतील स्त्रियाही त्यात उतरल्या. परंतु जुना दृष्टिकोन पूर्णपणे मावळलेला नाही. मुलगी किंवा सून पेडिक्युअर शिकते म्हटल्यावर ‘आता लोकांचे पाय धरणार का?’ हा प्रश्न अजूनही विचारला जातो, आणि नव्याने व्यवसायात येणाऱ्या स्त्रीला तंत्राइतकेच त्या प्रश्नाचे उत्तरही कमवावे लागते. पुरुषी मक्तेदारीची भिंत तर याहून उशिरा पडली. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील रंगभूषाकारांच्या संघटनेने स्त्रियांना केशभूषा करण्याची मुभा देऊन रंगभूषाकाराचे ओळखपत्र नाकारण्याची प्रथा अनेक दशके पाळली होती. चारू खुराना यांनी दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१४ मध्ये निर्णय देऊन ती घटनाबाह्य ठरवली.

व्यवसायाची दीक्षा खऱ्या अर्थाने सुरू होते ती त्वचेच्या अभ्यासापासून. बाह्यत्वचेच्या तळाशी जन्मलेली पेशी हळूहळू वर सरकते, चपटी होते, आपले केंद्रक गमावते आणि अखेरीस मृत पापुद्र्याच्या रूपाने गळून पडते. तरुण वयात या प्रवासाला साधारण चार आठवडे लागतात आणि वय वाढेल तसा तो लांबत जातो. हे एकच तथ्य नीट उमगले तर व्यवसायातील अनेक समजुती गळून पडतात. फेशियल झाल्यावर त्याच संध्याकाळी दिसणारी टवटवी ही मालिशीने वाढलेल्या रक्ताभिसरणाची आणि वरच्या थराने शोषलेल्या ओलाव्याची असते, आणि ती एकदोन दिवसांत ओसरते. त्वचेत काही बदल घडवायचा तर त्याला पेशींच्या गतीनेच जावे लागते. सर्वांत वरच्या मृत पेशींच्या थराला शृंगस्तर म्हणतात. तो निरुपयोगी मळ नसून त्या पेशी आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्ये मिळून शरीरातील पाणी आत आणि बाहेरचे जंतू बाहेर ठेवतात. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो व त्यालाच ‘आम्ल आवरण’ म्हणतात. अल्कधर्मी साबणाने आणि खरखरीत स्क्रबने ते वारंवार बिघडवले, तर चेहरा स्वच्छ न होता चिडचिडा होतो. ‘अजून जरा घासा, ताई, अजून काळं वाटतंय’ या आग्रहापुढे हात थांबवता येण्यासाठी शृंगस्तर म्हणजे काय हे ठाऊक असावे लागते, कारण स्पष्टीकरण देता न येणारा नकार ग्राहकाला केवळ आळस वाटतो.

भारतीय त्वचेच्या बाबतीत हा संयम अधिकच आवश्यक ठरतो. अमेरिकी त्वचाविकारतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये सूर्यप्रकाशात त्वचा भाजते की काळवंडते या निकषावर तिचे वर्गीकरण मांडले. ते आरंभी गोऱ्या त्वचेपुरतेच होते. सावळ्या आणि काळ्या त्वचेसाठीचे पाचवे व सहावे प्रकार त्यात नंतर जोडण्यात आले. भारतात बहुसंख्य लोकांची त्वचा चौथ्या आणि पाचव्या प्रकारात मोडते व तिच्यातील रंगपेशी कोणत्याही दाहाला अधिक मेलॅनिन निर्माण करून उत्तर देतात. पुटकुळी फोडली, वॅक्सची पट्टी चुकीच्या दिशेने ओढली, ब्लीच जास्त वेळ ठेवले, तर गोऱ्या त्वचेवर काही दिवसांची लाली राहते आणि सावळ्या त्वचेवर काही महिन्यांचा डाग राहतो. याला दाहोत्तर काळवंडणे म्हणतात. म्हणजे डाग घालवण्यासाठी केलेला जोरकस उपाय हाच नव्या डागाचे कारण होऊ शकतो. युरोपीय चेहऱ्यांच्या छायाचित्रांवरून तयार झालेल्या अभ्यासपुस्तकांतून ही बाब सहज निसटते आणि इथल्या शिकाऊ व्यक्तीला ती प्रत्यक्ष चेहऱ्यांवरून शिकावी लागते.

रासायनिक पील, म्हणजे सौम्य आम्लाच्या साहाय्याने मृत थर सैल करण्याचा उपचार, हे या संयमाचे सर्वांत चांगले परीक्षास्थान आहे. उसापासून मिळणारे ग्लायकोलिक आम्ल आणि दुधाशी संबंधित लॅक्टिक आम्ल ही त्यातील परिचित द्रव्ये होत. अमेरिकेतील प्रसाधन-घटकांची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञमंडळाने घरगुती वापराच्या उत्पादनांत या आम्लांची तीव्रता १० टक्क्यांपर्यंत आणि प्रशिक्षित व्यक्तीने सलूनमध्ये अल्पकाळ लावून धुऊन टाकायच्या उत्पादनांत ३० टक्क्यांपर्यंत सुरक्षित मानली आहे, पण त्यासोबत द्रावणाचा पीएच किमान किती असावा याचीही अट घातली आहे. कारण टक्केवारी तीच ठेवून पीएच उतरवला तर तेच द्रावण कितीतरी अधिक दाहक होते. बाटलीवरील टक्केवारी वाचता येणे आणि तिचा अर्थ कळणे यांत असा फरक आहे. म्हणूनच कोणत्याही उपचारापूर्वी काही प्रश्न विचारणे आणि कानामागे किंवा कोपराच्या आतील बाजूस थोडेसे द्रव्य लावून एकदोन दिवस वाट पाहणे, म्हणजेच पॅच टेस्ट करणे, हा शिष्टाचार मानला जातो. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेणाऱ्या मुलीच्या ओठावर वॅक्स लावले तर केसांबरोबर त्वचेचा पापुद्राही निघू शकतो. तेव्हा ‘कोणती औषधे चालू आहेत?’ हा साधा प्रश्न इजा टाळण्याचे साधन ठरतो.

ज्या चेहऱ्यांपुढे हात सर्वाधिक थांबायला हवा, ते चेहरे बहुधा आधीच कुणाच्या तरी सल्ल्याने बिघडलेले असतात. बीटामेथासोन, क्लोबेटासोल यांसारखी स्टेरॉइड असलेली मलमे औषधदुकानातून चिठ्ठीशिवाय घेऊन ती महिनोन्‌महिने ‘क्रीम’ म्हणून चेहऱ्याला लावण्याची सवय भारतात इतकी पसरली, की तिच्यामुळे होणाऱ्या विकाराला भारतीय त्वचाविकारतज्ज्ञांनीच ‘स्टेरॉइडबाधित चेहरा’ अशा अर्थाचे स्वतंत्र नाव दिले आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारला अशी अनेक मलमे चिठ्ठीवरच विकण्याच्या औषधांच्या यादीत घालावी लागली. अशी त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते, उन्हात आग होते, आणि मलम थांबवताच सगळे उफाळून येत असल्याने ग्राहक पुन्हा त्याच ट्यूबकडे वळतो. या अवस्थेत फेशियल करणे अनुचित आहेच, शिवाय ‘आजपासून मलम बंद करा’ असे परस्पर सांगणेही एस्थेटिशियनच्या अधिकारात येत नाही. तेथे तिचे काम खूण ओळखून त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवणे एवढेच आहे. बेनामी डबीतून विकल्या जाणाऱ्या, रंग झपाट्याने उजळवण्याचे आश्वासन देणाऱ्या क्रीममध्ये पाऱ्याचे क्षार असू शकतात आणि त्यांनी मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. २०२० च्या प्रसाधन नियमांनी अशा वापराला भारतात मनाई केली असली तरी डबी उघडून विकणाऱ्या हातापर्यंत नियम पोहोचेलच असे नाही, म्हणून ती डबी आपल्या ट्रॉलीवर न ठेवणे हा निर्णय व्यक्तीलाच घ्यावा लागतो.

त्वचेकडे सवयीने आणि चांगल्या उजेडात पाहणाऱ्या व्यक्तीला शरीराच्या इतर गोष्टीही दिसू लागतात. मानेच्या मागची जाडसर, मखमली काळसर त्वचा घासून काढण्याची मागणी वारंवार होते. ती मळामुळे काळी झालेली नसून अनेकदा शरीराने इन्शुलिनला दिलेल्या मंद प्रतिसादाची खूण असते, त्यामुळे स्क्रबऐवजी रक्तशर्करा तपासण्याचा सल्ला अधिक उपयोगी पडतो. हनुवटीवर अचानक वाढलेल्या राठ केसांमागे पाळीच्या अनियमिततेशी जोडलेला संप्रेरकांचा असमतोल असू शकतो. गालावरचा वांग, म्हणजे ऊन आणि संप्रेरके यांच्यामुळे उमटणारे तपकिरी डाग, दर महिन्याच्या फेशियलने जात नाही, आणि छत्री व सनस्क्रीन यांना त्यात अधिक महत्त्व असते. फिकट चट्ट्यावर वाफेची ऊब जाणवत नाही असे ग्राहक सहज बोलून गेली, तर ती बाब हलक्या आवाजात, पण त्याच दिवशी, डॉक्टरकडे वळवायची असते, कारण संवेदना हरवलेला चट्टा कुष्ठरोगाचे आरंभीचे लक्षण असू शकतो आणि हा रोग आज औषधांनी पूर्ण बरा होतो. अशा वेळी भाषेची कसोटी लागते: घाबरवायचे नाही, निदान सांगायचे नाही, आणि तरीही विषय टाळायचा नाही.

सर्वांत अवघड नकार मात्र वैद्यकीय नसून सामाजिक असतो. ‘लग्नापर्यंत मुलगी उजळली पाहिजे’ ही मागणी आईच्या तोंडून येते, तेव्हा तिच्यामागे वधूपरीक्षेचा जुना अनुभव उभा असतो. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या फेअर अँड लव्हली या क्रीमच्या नावातील गोरेपण २०२० मध्ये वगळण्यात आले, पण मागणीतील गोरेपण नाव बदलल्याने वगळले जात नाही. त्वचेचा मूळ रंग फेशियलने बदलत नाही आणि ब्लीच हे रंग न बदलता केवळ लव सोनेरी करून उजळपणाचा आभास निर्माण करते, हे व्यवसायाला ठाऊक असते. ते सांगितले तर पाच बैठकींचे पॅकेज जाते, आणि न सांगितले तर मुलीचा स्वतःविषयीचा न्यूनगंड त्या पॅकेजच्या हप्त्यांनी पोसला जातो. येथे एकदम ताठ भूमिका घेणे सोपे नसते, कारण भाडे, विजेचे बिल आणि कर्जाचा हप्ता हेही वास्तव असते. जाणती व्यक्ती मधला पण प्रामाणिक मार्ग काढते: ‘रंग बदलणार नाही, पोत सुधारेल, डाग फिके होतील, आणि लग्नाच्या आठवड्यात काहीही नवे लावायचे नाही’, असे ती पहिल्याच भेटीत सांगते आणि त्यावर ठाम राहते.

या कामातील श्रमाचे स्वरूपही नवख्या व्यक्तीला उशिरा कळते. समाजशास्त्रज्ञ आर्ली होशचाइल्ड यांनी १९८३ मध्ये ‘भावनिक श्रम’ ही संकल्पना मांडली. वेतनासाठी आपल्या भावनांचे नियमन करून समोरच्याच्या मनात विशिष्ट भाव निर्माण करणे, असा तिचा अर्थ आहे. फेशियल बेडवर झोपलेली स्त्री बऱ्याच वेळा घरात न बोललेले बोलते. तिची गाऱ्हाणी ऐकत, मालिशीचे स्ट्रोक्स एका लयीत ठेवत, घड्याळाकडे लक्ष असल्याचे जाणवू न देता तास पुरा करणे हे श्रमच असतात, आणि जे कानी पडले ते पडद्याबाहेर न नेणे हा त्या श्रमांचाच भाग असतो. त्याच्या जोडीला मनगट, मान आणि कंबर झिजवणारे शारीरिक श्रम असतात. लगीनसराईत आणि दिवाळीच्या आधी जेवायला फुरसत मिळत नाही, तर पितृपक्षात बेड रिकामा राहतो, त्यामुळे उत्पन्नाची सरासरी वर्षाच्या हिशेबानेच काढावी लागते. ॲपवरून घरपोच सेवा देण्याचा पर्याय अलीकडे उपलब्ध झाला असला तरी त्यातील कमिशन आणि ग्राहकांच्या गुणांकनाचा दबाव यांविरुद्ध गुरुग्राममध्ये ब्यूटिशियन स्त्रियांनी २०२१ मध्ये निदर्शने केली होती. जेथे प्रत्येक ताऱ्यावर पुढचे काम अवलंबून असते, तेथे ‘हे तुमच्या त्वचेला चालणार नाही’ असे म्हणणे अधिक महाग पडते, ही बाब त्या व्यवस्थेचा विचार करताना दुर्लक्षून चालणार नाही.

अमेरिकेत या कामासाठी राज्याचा परवाना लागतो. कॅलिफोर्नियात त्याआधी ६०० तासांचे आणि टेक्ससमध्ये ७५० तासांचे प्रशिक्षण पूर्ण करावे लागते, आणि पुण्याहून वा नाशिकहून तेथे स्थलांतरित झालेल्या अनुभवी ब्यूटिशियनलाही परवान्याची ही वाट चुकत नाही. भारतात अशा सक्तीच्या परवान्याची व्यवस्था नाही. येथे शासन या व्यवसायाला प्रामुख्याने कराच्या संदर्भात भेटते. सप्टेंबर २०२५ मध्ये सौंदर्यसेवांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा त्याची चर्चा झाली, पण ती सेवा देणाऱ्या हाताला किमान किती कौशल्य आले पाहिजे याची चर्चा क्वचितच होते. उदाहरणार्थ, उपकरणे पुसणे, ती जंतुनाशकात बुडवणे आणि ऑटोक्लेव्हमध्ये वाफेच्या दाबाखाली १२१ अंश सेल्सिअसवर निर्जंतुक करणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्लॅकहेड काढण्याच्या सुईमुळे रक्तातून पसरणारी कावीळ एका चेहऱ्यावरून दुसऱ्याकडे जाऊ शकते. हे तपासायला कोणीही येणार नसेल, तर ते पाळणे ही केवळ स्वतःची शिस्त उरते.

या शिस्तीला दृश्य रूप देणारे एक साधे साधन उपलब्ध आहे, आणि ते म्हणजे ग्राहकाची नोंदपत्रिका. वय, ॲलर्जी, चालू औषधे, गर्भारपण, मागचे उपचार, वापरलेले द्रव्य, ठेवलेली मिनिटे आणि त्यानंतरची त्वचेची प्रतिक्रिया यांची ओळीने नोंद ठेवली, की अंदाजाची जागा पुरावा घेतो. त्याच पत्रिकेत ‘काय केले नाही आणि का’ यासाठी एक रकाना असला पाहिजे. व्यवसायाच्या पहिल्या वर्षात तो रकाना बहुधा कोरा राहतो, कारण तेव्हा मागेल ते देण्याची घाई असते आणि गेलेला प्रत्येक ग्राहक पराभवासारखा वाटतो. पुढे तो भरत जातो: ताप येऊन गेला म्हणून वाफ टाळली, उन्हातून आल्यामुळे पील पुढे ढकलले, चट्टा संशयास्पद वाटल्याने डॉक्टरकडे पाठवले. चाळिशीत नवा आरंभ करणाऱ्या व्यक्तीला वयाने दिलेली एक अनुकूलता येथे उपयोगी पडते. नकार दिल्याने संबंध तुटतोच असे नाही, हे तिने संसारात आणि नात्यांत अनेकदा पाहिलेले असते. भिंतीवरचे प्रमाणपत्र तिला काय करता येते हे सांगते, पण तिच्यावर कितपत विसंबावे हे त्या रकान्यावरून समजते. परवान्याची सक्ती उद्या आलीच, तर तिने मोजावयाच्या गोष्टींत या रकान्याचा समावेश व्हावा, कारण तासांची गणती हजेरीपटावरून होऊ शकते आणि निवाड्याची मात्र अशा नोंदींवाचून होऊ शकत नाही.